गळाला यंत्राचा डोळा

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला या वर्षीचा विषय विचारला, तेव्हा मी 'अमेरिकेतील मासे गरवण्याच्या शर्यती आणि तेथील यंत्राचा वाद' असे सांगितले. चालक क्षणभर गप्पच झाले. ज्याचे उभे आयुष्य कारखान्यांच्या दारांत सभा घेण्यात गेले, ज्याने हौसेखातर कधी गळ हातात धरला नाही, त्याला हे काय सुचले, असे त्यांस वाटले असेल. आपणांपैकीही अनेकांस तसे वाटत असेल. म्हणून प्रथम त्याचे कारण सांगतो.

आमच्या युनियनमधील एक जुने सहकारी निवृत्तीनंतर टेक्सास राज्यात मुलाकडे सहा महिने राहून आले. परतल्यावर मला म्हणाले, "अहो, तिकडे तळ्यावर आपलाच तंटा चालू आहे! नवे यंत्र आले आहे. जुने लोक म्हणतात, याने आमचे कसब मातीमोल केले. तरुण म्हणतात, हे चालवणे हेच आता कसब. आणि यंत्र विकणारे मात्र दोघांनाही विकताहेत." हे ऐकून माझे कान टवकारले. मग मी त्या मुलाला प्रश्न विचारून विचारून भंडावले, मिळाले तेवढे वाचले, आणि जे समजले ते आज आपणांपुढे मांडीत आहे.

शर्यत कशी असते?

आपल्याकडे गरी टाकून बसणारा माणूस म्हणजे वेळ घालवणारा, असा समज आहे. अमेरिकेत तो एक मोठा खेळ आहे आणि त्या खेळाचा राजा म्हणजे 'बॅस' नावाचा गोड्या पाण्यातला मासा. त्यातही मोठ्या तोंडाचा बॅस विशेष प्रिय. तो आमिषावर झडप घालतो, गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उसळी मारतो, आणि धरणांच्या जलाशयांत चांगला वाढतो. या जातीचा नोंदलेला सर्वांत मोठा मासा २२ पौंड ४ औंसांचा होता. तो १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी याने पकडला. २००९ साली जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता याने त्याची बरोबरी केली.

या खेळाला संघटित रूप दिले ते रे स्कॉट या विमा विकणाऱ्या गृहस्थाने. १९६७ साली त्याने आर्कान्सास राज्यातील बीव्हर लेक या जलाशयावर शर्यत भरवली आणि पुढच्याच वर्षी बॅस गरवणाऱ्यांची संस्था काढली. १९७१ साली पहिली 'बॅसमास्टर क्लासिक' झाली. चोवीस स्पर्धकांना विमानात बसवले, कुठे नेतो हे अगोदर सांगितले नाही, आणि लेक मीड या जलाशयावर उतरवले. बक्षीस १० हजार डॉलरचे होते. आज याच शर्यतीच्या विजेत्याला ३ लाख डॉलर मिळतात.

या शर्यतीचे नियम नीट ध्यानात घ्या, कारण पुढचा सारा वाद त्यांच्याभोवती फिरतो. सर्वसाधारण पद्धत अशी की दिवसभरात पकडलेल्या माशांपैकी सर्वांत जड पाच मासे मोजावयाचे; ज्याच्या पाचांचे वजन अधिक, तो पुढे. जिवंत आमिष वापरायचे नाही. लाकूड, शिसे, रबर, प्लॅस्टिक यांचे खोटे आमिषच चालते. नाव चालवीत मागे दोरी ओढत न्यायची नाही. वरच्या पातळीवरील बॅसमास्टर मालिकेत तर मासा नावेत घेताना हातजाळेसुद्धा लावू देत नाहीत. स्कॉटनेच १९७२ पासून मासे मारू नका, वजन करून जिवंत सोडा, असा आग्रह धरला. म्हणून नावेतच पाण्याची टाकी असते, तीत मासे जिवंत ठेवतात आणि तोलून झाल्यावर परत पाण्यात सोडतात.

तेव्हा पोटासाठी मासे धरण्याचा हा धंदा नव्हे. येथे अडचणी मुद्दाम निर्माण केलेल्या आहेत. हे आपण विसरू नये.

जुने कसब

या शर्यतीत जिंकायला काय लागत असे? पहिले म्हणजे मासा शोधणे. हजारो एकरांचा जलाशय, त्यात हिंडणारे काही मासे. ते कोठे असतील? जुना जाणता माणूस पाण्याचा रंग पाही, ऊन-वारा पाही, ऋतू ओळखी. अंडी घालण्याच्या दिवसांत बॅस काठाकडे येतो. उन्हाळ्यात खोल जातो. बुडालेल्या झाडाच्या खोडाशी, गवताच्या कडेला, धक्क्याच्या सावलीत दबा धरून बसतो. ही माहिती पुस्तकातून थोडी आणि उन्हातान्हात वर्षानुवर्षे भटकून पुष्कळशी मिळते. रिक क्लन नावाच्या स्पर्धकाने २०१९ साली फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीवर वयाच्या ७२ व्या वर्षी वरच्या मालिकेतील शर्यत जिंकली. बहात्तराव्या वर्षी तरुणांना हरवता येईल, असे खेळ जगात किती आहेत? अनुभवाला येथे खरोखरच भाव होता.

दुसरे कसब म्हणजे मासा सापडल्यावर त्याला आमिष घ्यायला लावणे. अचूक फेक, आमिषाचा वेग, खोली, दोरीला दिलेला हलका हिसका ही सारी हाताची विद्या. शोधणे आणि भुलवणे ही दोन कसबे वेगळी आहेत. हे दोन शब्द कृपा करून लक्षात ठेवा.

यंत्र काय करते?

पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही, पण आवाज जातो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात जवळजवळ १,५०० मीटर. आवाज फेकायचा, तो कशावर तरी आदळून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे, म्हणजे अंतर कळते. १९१२ साली टायटॅनिक बोट हिमनगावर आपटून बुडाली, त्यानंतर या युक्तीवर जोराने काम सुरू झाले. १९१४ साली फेसेंडेन याने समुद्रात हिमनगावरून आलेला प्रतिध्वनी टिपला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या लाँजव्हँ याने पाणबुड्या हुडकण्यासाठी ही विद्या पुढे नेली. यालाच पुढे 'सोनार' असे नाव पडले. आपल्या दवाखान्यांतील सोनोग्राफी हीसुद्धा याच घराण्यातली.

गरवणाऱ्यांच्या हाती सोनार आले ते लोरन्स या घराण्याच्या कारखान्यामुळे. १९५९ साली त्यांची छोटी हिरवी पेटी बाजारात आली. ती नावेखाली सरळ तळाकडे आवाज सोडी आणि खोली दाखवी. मध्ये मासा असेल तर तेही समजे. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते आणि पाण्यातील हवेवरून आवाज चांगला उलटतो, म्हणून मासा उठून दिसतो. परंतु या पेटीला फक्त नावेच्या खालचे कळे. नाव पुढे गेली की ते चित्र जुने झाले. मागाहून पडदे आले, बाजूचे दाखवणारी यंत्रे आली, उपग्रहावरून नावेची जागा सांगणारी साधने आली. पण पडद्यावर दिसे ते बहुतेक घडून गेलेले.

२०१८ साली गार्मिन कंपनीने 'लाइव्हस्कोप' आणले आणि येथे खरा पालट झाला. नंतर इतर कंपन्यांनीही तशीच यंत्रे काढली. या यंत्राचे ध्वनी फेकणारे तोंड नावेच्या पुढच्या छोट्या विजेच्या मोटरीच्या दांड्याला बसवतात. मोटर वळेल तिकडे ते वळते. त्यात ध्वनी सोडणारे व टिपणारे अनेक तुकडे ओळीने बसवलेले असतात आणि त्यांच्या वेळा किंचित मागेपुढे करून आवाजाचा झोत हवा तसा फिरवता येतो. तीस मीटरवरच्या माशापर्यंत जाऊन परत यायला आवाजाला सेकंदाचा पंचविसावा हिस्सा पुरतो. सेकंदाला कित्येकदा चित्र नवे होते आणि पडद्यावर हलते दृश्य दिसते. समोर मासा आहे, तो डावीकडे वळला, आपण फेकलेले आमिष खाली उतरते आहे, मासा त्याकडे वर आला, जवळ येऊन थबकला, परतला. हे सारे माणूस नावेत उभा राहून, घडत असतानाच पाहतो. मग आमिषाचा वेग बदलतो, पुन्हा फेकतो.

म्हणजे पहिले कसब, शोधण्याचे, त्याचा बराचसा भार यंत्राने उचलला. काठापासून दूर, उघड्या पाण्यात छोट्या माशांच्या थव्यामागे तरंगणारे बॅस पूर्वी फार थोड्यांना सापडत. ते आता दिसू लागले.

दोन्ही बाजू

याचा परिणाम निकालांवर दिसला. २०२४ च्या फेब्रुवारीत टेक्सासमधील लेक फोर्क या जलाशयावर ट्रे मॅकिनी या १९ वर्षांच्या मुलाने चार दिवसांत २० माशांचे १३० पौंड १५ औंस वजन आणून शर्यत जिंकली. वरच्या मालिकेत इतक्या लहान वयाचा विजेता पूर्वी झाला नव्हता. २०२५ साली क्लासिक शर्यत ईस्टन फॉदरगिल या २२ वर्षांच्या तरुणाने ७६ पौंड १५ औंस वजनाने जिंकली. पाच माशांच्या नियमाखाली क्लासिकमध्ये इतके वजन कधी आले नव्हते. जुन्या मंडळींत खळबळ उडाली, यात नवल नाही.

विरोधकांचे म्हणणे असे. एक, वीस-तीस वर्षांचा अनुभव एका पडद्याने पुसला. दोन, हा खेळ पाहण्यात रस राहिला नाही. स्पर्धक तासन् तास मान खाली घालून पडद्याकडे बघतो, तर प्रेक्षकांनी काय बघावे? तीन, यंत्र महाग. नुसते ध्वनीचे साधनच आरंभी सुमारे दीड हजार डॉलरचे होते. पडदे, बॅटऱ्या, बसवणूक धरली तर खर्च कित्येक पट होतो, आणि पुष्कळ स्पर्धक एकाऐवजी दोन-तीन यंत्रे लावू लागले. चार, माशांना पूर्वी लपायला जे मोकळे पाणी होते, तेथेही आता सुटका नाही. आणि खोलातून वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, तो सोडला तरी जगेलच असे नाही.

पाठीराख्यांचे उत्तरही पोकळ नाही. ते म्हणतात, मासा दिसणे म्हणजे मासा मिळणे नव्हे. उलट, दहा मासे आमिषाजवळ येऊन परत जाताना दिसतात, तेव्हा आपले अज्ञान कळते. तरुणांनी हे यंत्र शिकायला हजारो तास घातले आहेत. ती मेहनत नव्हे काय? हिरव्या पेटीला, विजेच्या मोटरीला, उपग्रहाच्या नकाशाला तुम्ही 'हो' म्हटले, मग येथेच का अडता? आणखी एक मुद्दा त्यांच्या बाजूने मीच सांगतो. चार दिवसांच्या शर्यतीचा वजनाचा उच्चांक १३२ पौंड ८ औंसांचा आहे. तो पॉल इलायस याने २००८ साली टेक्सासच्या फाल्कन लेकवर केला. तेव्हा हे यंत्र जन्मालाही आले नव्हते आणि मॅकिनीचे वजन त्याच्या खालीच राहिले. म्हणजे सारे यंत्रच करते, हेही खरे नाही.

तीन तोडगे

शर्यती भरवणाऱ्या संस्थांनी काय केले पाहा. २०२५ च्या हंगामासाठी तीन निरनिराळे तोडगे निघाले. नॅशनल प्रोफेशनल फिशिंग लीग या संस्थेने शर्यतीत हे यंत्र बंदच केले. बॅसमास्टरच्या वरच्या मालिकेने ते ठेवले, पण लगाम घातला: असे थेट दाखवणारे तोंड नावेवर एकच, आणि साऱ्या पडद्यांची मापे मिळून ५५ इंचांच्या वर नाहीत. मेजर लीग फिशिंगने आपल्या बॅस प्रो टूरमध्ये वाटणी केली: दिवसाचे तीन भाग असतात, त्यांपैकी एकाच भागात यंत्र वापरा, उरलेले दोन डोळ्यांनी आणि अनुभवाने काढा.

कोणी म्हणेल, प्रगतीला असे कुंपण घालता येते काय? खेळात येते, आणि घालावेच लागते. १९७९ च्या डिसेंबरात पर्थ येथील कसोटीत डेनिस लिली अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, त्यानंतर क्रिकेटने बॅट लाकडाचीच हवी असा नियम केला. २००९ साली रोम येथील जागतिक जलतरण स्पर्धेत नव्या चकचकीत पोषाखांच्या जोरावर ४३ जागतिक उच्चांक मोडले; १ जानेवारी २०१० पासून ते पोषाख बंद झाले. बॅसच्या खेळातही २०११ साली एकाच दोरीला अनेक आमिषे लावणारी 'अलाबामा रिग' गाजली, आणि बॅसमास्टरने वरच्या मालिकेतून ती लगेच बाद केली. या कुंपणांनी कोणताही खेळ मेला नाही.

माझी एक चूक

आता माझे स्वतःचे थोडे सांगतो. १९९४ च्या सुमारास मी पिंपरी-चिंचवड भागातील एका कारखान्यात लेथवर टर्नर होतो. आमच्या ओळीत एक तात्या होते. हत्यार धातूला लागताना जो आवाज होई त्यावरून ते माप सांगत. मग मायक्रोमीटर लावला तर शतांश मिलिमीटरचासुद्धा फरक निघत नसे. त्यांच्याकडे पाहून मी काम शिकलो. एके दिवशी बातमी आली की संगणकावर चालणारा लेथ येणार. आम्ही युनियनची सभा घेतली आणि ठराव केला: यंत्र आत येऊ द्यायचे नाही. मी सर्वांत मोठ्याने बोललो. अकरा दिवस आम्ही फाटकावर बसलो. बाराव्या दिवशी यंत्र आत गेले.

आम्ही काय मागितले नव्हते ते ऐका. यंत्रावर शिकवणी कोणाला मिळणार, हे विचारले नाही. त्यावर बसणाऱ्याची श्रेणी काय, जादा उत्पादनातला वाटा किती, हे विचारले नाही. जुन्या माणसाची जाण त्या यंत्राला कोठे उपयोगी पडेल, हे तर आमच्या डोक्यातच आले नाही. कंत्राटावर नवी मुले आली, ती शिकली. तात्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. जाताना मला एवढेच म्हणाले, "अरे, मला शिकायचे होते ते यंत्र. मला कोणी विचारलेच नाही." व्यवस्थापनाने विचारले नाही हे खरे, पण मीही विचारले नव्हते. त्यांच्या नावाने मी अकरा दिवस घोषणा दिल्या आणि त्यांना काय हवे ते एकदाही विचारले नाही. हे शल्य माझ्या मनातून अद्याप गेलेले नाही.

म्हणून टेक्सासच्या तळ्यावरचा तंटा ऐकला, तेव्हा मी यंत्राकडे फार पाहिले नाही. मी विचारले, नियम कोण करतो? गरवणाऱ्या माणसाला तेथे बोलायला जागा आहे काय?

खरा प्रश्न

आपण ज्याला धंदेवाईक खेळाडू म्हणतो, त्या बहुतेकांना पगार नाही. प्रवेशशुल्क पदरचे, नाव-पेट्रोल पदरचे. बक्षीस वरच्या थोड्यांना. बाकीची भिस्त कंपन्यांच्या आश्रयावर. नाव, काठी, आमिष आणि सोनार बनवणाऱ्या कंपन्याच खेळाडूंना पोसतात आणि शर्यतींनाही पैसा पुरवतात. ज्याच्या सदऱ्यावर यंत्र-कंपनीचे नाव शिवले आहे, तो यंत्राविरुद्ध मोकळेपणाने बोलेल कसा? आणि ज्या शर्यतीच्या मांडवावर त्याच कंपनीचा फलक आहे, ती नियम करताना कोणाचे तोंड पाहील? मी कोणावर आरोप करीत नाही. मांडणीच अशी आहे, इतकेच सांगतो. पण खेळाडू एकजूट झाले तर काय होते, हेही तेथे दिसले आहे. प्रवेशशुल्क आणि बक्षिसे यांवरून असंतोष साचला, तेव्हा २०१८ साली अनेक नामवंत खेळाडू बॅसमास्टरची वरची मालिका सोडून निघाले आणि २०१९ पासून बॅस प्रो टूर उभी राहिली. म्हणजे हात बांधलेले आहेत, तुटलेले नाहीत.

आपल्या किनाऱ्याचेही एक उदाहरण जाता जाता सांगतो. समुद्रात प्रखर एल.ई.डी. दिवे लावून मासे गोळा करण्यास केंद्र सरकारने २०१७ साली बंदी केली. लहान होडीवाल्या कोळ्यांची ती मागणी होती. तेथे प्रश्न पोटाचा, अमेरिकेत खेळाचा. दोहोंची गल्लत करू नये. पण बंदीनंतरही दिवे लागतात, ही कोळी बांधवांची तक्रार थांबलेली नाही. नियम कागदावर असणे आणि पाण्यावर असणे यांत अंतर असते. अमेरिकेतील मोठ्या शर्यतींत नावेवर निरीक्षक बसतो आणि विजेत्याला खोटे पकडणाऱ्या यंत्राच्या चाचणीलाही बसवतात, त्याचे कारण हेच.

कारखाना आणि शर्यत यांत एक मूलभूत भेद आहे, तो सांगून संपवतो. कारखान्यात माल हवा असतो. यंत्राने कष्ट वाचले तर ते चांगलेच. वाचलेल्या कष्टांचा वाटा कामगाराला मिळतो की नाही, एवढेच भांडण. शर्यतीत मालाला किंमत नाही. मासा तर परत सोडायचा आहे. तेथे मोजायचे ते माणसाचे कसब. म्हणून कारखान्यात 'यंत्र नको' हा हट्ट चुकीचा ठरतो, आणि खेळात 'यंत्र अमुक इतकेच' असे म्हणणे अगदी योग्य ठरते. प्रश्न एवढाच की आपण मोजतो काय: शोधणे, की भुलवणे, की दोन्ही?

मला विचाराल तर तीन तोडग्यांत वाटणीचा तोडगा मला अधिक पटतो. सगळी बंदी केली तर तरुणाची मेहनत वाया जाते. सगळी मोकळीक दिली तर म्हाताऱ्याची. एकाच दिवशी दोघांचीही परीक्षा झाली तर ज्याच्याजवळ दोन्ही आहे तो जिंकेल आणि हरणाराही ते मान्य करील. नियम दर हंगामाला बदलत आहेत, ते आणखी बदलतील. बदलोत. मात्र ते ठरवताना ज्याच्या हातात काठी आहे, त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला आणि बहात्तर वर्षांच्या आजोबांना, दोघांनाही बोलवावे आणि काय हवे ते विचारावे. मी तात्यांना विचारले नव्हते.